आतल्या पदराचा धागा

ड्रमोर वस्त्रसंग्रहालय, इन्व्हर्नेसजवळ
१९ फेब्रुवारी १९८४

बाबा,

"मग इतकी वर्षं मी नेसलो ते कोणाचं?" असं तुम्ही गेल्या जुलैत गावच्या हॉलमध्ये मला विचारलंत. त्याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही आणि आजही देता येत नाही. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं पत्र तुम्ही उत्तराच्या आशेने वाचणार नाही.

वाचाल की नाही, हेही मला माहीत नाही. डॉलिनाआत्या म्हणते, माझी पत्रं तुम्ही चुलीवरच्या फळीवर ठेवता. फोडत नाही, जाळतही नाही. "नुसती उभी करून ठेवलीत, नाताळच्या कार्डांसारखी," म्हणाली. तरी लिहिते. इथे संध्याकाळी करण्यासारखं दुसरं काही नाही, आणि दिवसभर मोजलेले धागे डोळ्यांपुढून जायला वेळ लागतो.

आपल्या घरचा किल्ट नोव्हेंबरात इथे पोचला. मेंढ्यांच्या औषधाच्या खोक्यात, वर सुतळी, आत चिठ्ठी नाही. होतं ते फक्त संग्रहालयाचं दानपत्र, आणि त्याखाली तुमची सही. सही इतकी दाबून केली आहे की मागच्या बाजूने बोटाला लागते.

दानपत्राला दोन सह्या लागतात. आजोबांच्या मृत्युपत्रात किल्ट 'लाख्लनला, आणि त्याच्यामागे त्याच्या लेकराला' असा आहे, आणि लेकरू मी एकटीच. माझी सही झाली की आमची समिती तो दाखल करून घेईल. एकदा दाखल झालेला कपडा पुन्हा कधीच कोणाच्या अंगावर जात नाही. नियम चांगला आहे. नव्याने येणाऱ्या मुलींना तो मीच समजावून सांगते. समिती ८ जूनला बसते. दानपत्र माझ्या टेबलाच्या खणात आहे, नमुन्यांच्या पाकिटांखाली. आमच्या प्रमुख लोरिमरबाई दर सोमवारी विचारतात, "इशबेल, तो तुझ्या गावचा, आर्डव्होरचा कागद झाला का?" मी म्हणते, "शोधते." नोव्हेंबरपासून शोधते आहे.

त्या संध्याकाळचा विचार मी पुष्कळदा केला. गावच्या खेळांच्या दिवसाला पंधरा दिवस राहिले होते. खेळांचं सगळं बघणाऱ्या फार्करकाकांनी हॉलमध्ये लावायच्या पितळेच्या पाटीचा मजकूर वाचून दाखवला: तांबड्या हेक्टर मॅकइनेसचा किल्ट, कलोडनच्या रणात नेसलेला, १७४६. मग म्हणाले, "लाख्लन, आकडा नक्की ना? पितळ आहे बाबा, खोडता येत नाही."

आणि तुम्ही म्हणालात, "मला काय विचारतोस? शिकलेली पोर बसलीय की तिथे. आमच्या घरातली पहिली. तिलाच विचार."

किती खुशीत म्हणालात. सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. किल्टचा एक दोरा मी तपासायला पाठवला होता, त्या प्रयोगशाळेचं पत्र माझ्या पिशवीत होतं, सकाळपासून. मी तुम्हाला घरी सांगू शकले असते. बटाटे सोलताना सांगू शकले असते. पण मला वाटलं, खरं ते चारचौघांतच सांगावं, आडोशाला सांगितलेलं खरं अर्धं राहतं. मला तेव्हा असं पुष्कळ काही वाटायचं. मी उभी राहिले आणि म्हणाले, या कापडातला लाल रंग कारखान्यातला आहे, १८८० च्या आधी तो जगात नव्हता.

मागून कोणीतरी म्हणालं, "म्हणजे हेक्टर रणात नाही, दुकानात गेला होता." लोक हसले. तुम्ही हसला नाहीत. तो प्रश्न विचारलात, टोपी घेतलीत आणि निघालात.

ऑगस्टात खेळांच्या मिरवणुकीपुढे तुम्ही दरवर्षीसारखे चालला नाहीत, हे मला आत्याने कळवलं. बाकीच्या गावांत मिरवणुकीपुढे बॅगपाइप वाजवत पायपर असतो, आपल्याकडे तो किल्टच्या मागे असतो. या खेपेला फार्करकाकांचा जावई भाड्याचा किल्ट नेसून पुढे होता. "पदर डाव्या अंगाला बांधून, बाईमाणसासारखा," आत्याने लिहिलं होतं. ते वाचून मला हसू आलं, आणि मग बराच वेळ काही काम करता आलं नाही.

आज एवढंच. इथे बर्फ पडून गेला आहे. मेंढ्यांचं कसं?

इशबेल


१२ मार्च

बाबा,

आज आत्या आली होती. डोळ्यांच्या डॉक्टरकडे आली होती, तिथून तीन मैल चालत इकडे. तुम्हाला सांगितलं असेल, नसेलही.

किल्ट बघायचाय म्हणाली. मी तिला आधी हात धुवायला सांगितले.

"हात धू म्हणतेस? मी काय मेंढी सोडवून आलेय?"

"सगळ्यांनाच धुवावे लागतात, आत्या. लोरिमरबाईसुद्धा धुतात."

"हा किल्ट मी या पायांनी टबात तुडवून धुतलाय. वीस वर्षं. तेव्हा कुठे होत्या तुझ्या लोरिमरबाई?"

पण धुतले तिने. मी खण ओढला. कापडावरचा पातळ कागद बाजूला केला, तर ती एकदम हळू बोलायला लागली, दवाखान्यात बोलतात तशी. "आडवा निजवलाय की गं याला."

"निऱ्यांवर ताण येऊ नये म्हणून."

"बरा दिसतोय. दमलेला दिसतोय." मग चष्मा पुसून म्हणाली, "तो दोरा कुठून काढलास तू? ज्याच्यावरून एवढं सगळं झालं तो."

"आतल्या पदरातून. खालच्या कोपऱ्यातून. जिथे कोणाला दिसत नाही तिथूनच नमुना घ्यायचा असतो, दर्शनी भागाला हात लावायचा नाही. पहिल्या वर्षाला हेच शिकवतात."

आत्या खुर्चीवर बसली. मला वाटलं तिला चक्कर आली. पण ती हसत होती, बाबा, आवाज न करता, पोट धरून.

"आतल्या पदरातून. अगं पोरी. आमच्या बायकांनी जे काय लपवलंय ते तिथेच तर लपवलंय."

"काय लपवलंय?"

"नवं कापड, दुसरं काय? वरचा पदर फाटला तर ठिगळ कशाचं लावशील? नव्याचं लावलंस तर गावभर दिसणार. मग आतल्या पदराचं जुनं कापायचं, ते वर जोडायचं, नि आत पडलेल्या भोकाला नवं. तिथे कोण बघतंय? माझी आजी असंच करायची. तिची सासूही असंच करायची म्हणे. दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही असा जोड."

मी म्हणाले, "पण आतला पदर गडद आहे. वरचा उन्हाने विटलेला, आतल्याला ऊन लागलं नाही म्हणून मूळ रंग टिकलेला. मी तसं लिहिलंय."

"नवा होता म्हणून गडद होता."

मी आतला पदर पुन्हा उलटून पाहिला. तीच म्हणाली, "तुला हे कोणी शिकवलं नाही?"

"तू शिकवलं नाहीस."

"तू शिकायला एडिनबराला गेली होतीस. मी इथेच होते."

वाईट वाटून घेऊ नको म्हणाली नंतर. तिला चहा दिला, बरोबर ओटच्या बिस्किटांचा डबा दिला. बसथांब्यावर म्हणाली, "लाख्लनला तू सांगतेस का मी सांगू?"

"मी लिहीन."

"लिही. फळीवर जागा आहे अजून."


२ एप्रिल

बाबा,

आत्या म्हणाली तसंच आहे.

तीन आठवडे भिंग लावून बसले होते. आतल्या पदराचा खालचा तिसरा हिस्सा वेगळा आहे. जोड इतका बारीक की टाके कापडाच्याच धाग्यात बुडून गेलेत. बोटाने कळत नाही, उजेड मागून घेतला तर कळतं. नव्या भागात लाल पट्टा दोन धाग्यांनी रुंद आहे. ज्या बाईने तो विणला तिने जुना चौकडा समोर ठेवून मोजला असणार आणि दोनदा चुकली असणार, किंवा तिला कोणी हाक मारली असेल. कमरेच्या आतलं मशीनने शिवलेलं अस्तरही त्याच वेळचं. ते मी पुरावा म्हणून मोठ्या हौसेने दाखवलं होतं.

वरच्या पदरात मला चार ठिगळं सापडली. तीन वेगवेगळ्या हातांची. एक हात डावखुरा. तुम्ही एकवीस वर्षं नेसलात, तुम्हाला एकही दिसलं नसेल. दिसू नये म्हणूनच ती लावली होती.

किल्टला चारच वार कापड आहे, हे मला गेल्या वर्षीही दिसलं होतं. आताच्या किल्टला आठ लागतं. निऱ्याही रुंद, पेटीसारख्या, हल्लीच्यासारख्या एकीवर एक पडलेल्या नाहीत. हे सगळं मी टिपून ठेवलं आणि पुढे लिहिलं, 'जुन्याची नक्कल करण्याचा प्रयत्न.' त्या एका दोऱ्यावर माझा विश्वास बसला होता. मग बाकीच्या सगळ्यांना मी त्याच्यासारखंच बोलायला लावलं.

आता एका निरीच्या पोटातून, जिथे पूर्वी कधी सुई गेलेली नाही अशा ठिकाणाहून, अर्ध्या बोटाएवढा लाल दोरा काढून एडिनबराला पाठवला आहे. लोरिमरबाईंना विचारून. त्यांनी एवढंच विचारलं, "खात्री आहे का?" मी म्हणाले, "या वेळी खात्री नाही, म्हणूनच पाठवते आहे."

तुमच्यापुढे मी हे रडत लिहीत नाहीये. फक्त दमले आहे. चूक करायला एक तास लागला होता आणि ती मोजायला आता महिने लागताहेत.

इशबेल


५ मे

बाबा,

उत्तर आलं. निरीतल्या दोऱ्याचा लाल रंग किड्यांपासून काढलेला आहे, जुन्या पद्धतीचा. हिरव्यात निळ्यावर चढवलेला पिवळा आहे, तोही झाडपाल्याचा. शिवण लिननच्या दोऱ्याची. सगळं एकत्र धरलं तर मूळ किल्ट १८०० च्या आसपासचा निघतो. दहा वर्षं अलीकडे किंवा पलीकडे.

म्हणजे माझी ऐंशी वर्षांची चूक झाली. पुढचं वाक्य लिहायला नको वाटतं, पण ते लपवलं तर मी पुन्हा तिथेच येईन. हा हेक्टरचाही नाही. त्याच्या काळी लांब कापड गुंडाळायचे आणि पट्ट्याने आवळायचे, निऱ्या कंबरेला शिवून पक्क्या करत नसत. ती रीत आली, कलोडननंतर सरकारने आपल्या पोशाखावर घातलेली बंदी उठल्यानंतर. सदतिसाव्या वर्षी पुन्हा नेसायची मोकळीक मिळाली, तेव्हा हेक्टर जिवंत असला तरी म्हातारा होता. याची शिवण त्याहूनही पुढची आहे. कोणीतरी कोणासाठी तरी हे कापड विणलं, बंदी उठल्यावर आपलं आपल्याला नेसता यावं म्हणून. नाव कुठेच नाही. मी चर्चच्या वह्या पाहिल्या, आर्डव्होरमध्ये त्या वीस वर्षांत मॅकइनेस नावाचे अकरा पुरुष होते.

आणखी एक. हे मी तुम्हाला आजवर सांगितलं नव्हतं. हॉलमध्ये जे बोलले ते मी नंतर लिहून काढलं, आणि ते आमच्या वार्षिकात छापून आलं. चौदा पानं. घराण्यांच्या कथा कशा तयार होतात याचा नमुना म्हणून आपला किल्ट. तुमचं नाव नाही त्यात, पण 'सध्याचे धारक, एक मेंढपाळ' असं आहे. त्या लेखावर मला ही जागा मिळाली, तीन वर्षांची. एडिनबराच्या एका प्राध्यापकांनी पत्र पाठवून कौतुक केलं. ते पत्र मी जपून ठेवलं आहे, म्हणजे ठेवलं होतं.

तर आज सकाळी निकाल घेऊन लोरिमरबाईंकडे गेले. मला वाटलं होतं रागावतील. त्यांनी चष्मा काढला आणि खुर्चीत मागे रेलल्या.

"इशबेल, असे किती उरलेत माहीत आहे ना? हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. आणि हा दुरुस्त्यांसकट. तीन पिढ्यांच्या बायकांचे टाके आहेत याच्यात. मला तर आता तो जास्तच हवा आहे."

"माझी चूक छापून आलीय, बाई."

"चूक सुधारता येते. पुढच्या अंकात दोन पानं लिही. कापड विरलं की त्याला दोन पानं लिहून भागत नाही. तुझ्या वडिलांचं वय काय?"

"एकसष्ट."

"म्हणजे आणखी पंधरा वर्षं, पंधरा मिरवणुका धर. घाम, पाऊस, पट्ट्याचा काच. पंधरा मिरवणुकांनंतर काय उरेल?"

"मला माहीत आहे."

"माहीत आहेच. मुलाखतीत हे मला तूच सांगितलं होतंस. लेखापेक्षा त्यावरच मी तुला घेतलं."

बाबा, त्या चूक बोलत नाहीत. यातलं एकही वाक्य मला खोडता येत नाही. हा कपडा अंधारात आडवा ठेवला तर आणखी दोनशे वर्षं राहील. तुमच्या कमरेवर राहणार नाही. मी घरातून निघाले ती अशाच गोष्टी वाचवायला निघाले.

पण मला असंही वाटतं की आता तो तुम्हाला परत द्यावा. खरा आहे, जुना आहे, तुम्ही पुढे चालावं असा आहे. तुम्हाला काय वाटतं ते कळवा. दोन ओळी पुरेत.

इशबेल


२७ मे

बाबा,

तुमची ओळ मिळाली. कोकरांच्या बाजाराच्या जाहिरातीच्या मागे, पेन्सिलीने. 'जुना निघाला म्हणून परत देतेस. नवाच असता तर?' खाली नाव नाही. आत्याला फोन केला तेव्हा कळलं, तुम्ही सगळी पत्रं एका रविवारी बसून ओळीने वाचलीत, आणि मग दिवसभर कुंपणाला खांब ठोकत होतात.

तुमच्या ओळीला लगेच उत्तर लिहायला घेतलं. पहिल्या कागदावर लिहिलं की नवा असता तरी दिला असता. तो फाडला. दुसऱ्यावर लिहिलं की असा प्रश्नच उद्भवत नाही. तोही फाडला.

नवा असता तर मी सही केली असती. मार्चमध्येच केली असती, आत्या आली नसती तर. आणि ऑगस्टात तुम्हाला एक कार्ड पाठवलं असतं. खरं उत्तर हे आहे. लिहायला नऊ दिवस लागले.

मला नऊ दिवसांत एवढंच दिसलं की मी मे महिन्यातही तेच करत होते जे जुलैत केलं. तेव्हा तारीख सांगून किल्ट काढून घेतला, आता तारीख सांगून परत द्यायला निघाले होते. तुम्ही चालायचं की नाही हे दोन्ही वेळा माझ्या प्रयोगशाळेच्या पत्रावरून ठरणार होतं. आजोबा चालले तेव्हा त्यांना कोणी पत्र मागितलं नव्हतं. त्यांचा उजवा पाय अधू होता आणि ते सगळ्या गावाला आपल्या चालीने चालवायचे, हे तुम्हीच मला सांगितलंय. पायपरला सुद्धा धीमं वाजवावं लागायचं.

आत्या फोनवर म्हणाली, "त्याला किल्ट नकोय, त्याला काय हवंय ते त्यालाच ठाऊक नाही. यंदा फार्कर पुन्हा जावयालाच उभा करणार. लाख्लन म्हणतो, करू दे. पण परवा बघते तर गोठ्यामागे एकटाच पाऊल मोजत चालत होता."

"काय म्हणाले तुला बघून?"

"म्हणाला, कुंपण मोजतोय. गोठ्यामागे कुंपण आहे का, तू सांग."

मी हे लिहिलेलं तिला कळू देऊ नका.

इशबेल


१० जून

बाबा,

सही केली नाही.

शुक्रवारी समिती बसली. सात माणसं होती. मी दानपत्र खणातून काढलं, टेबलावर ठेवलं, आणि माझी जागा कोरी राहील असं सांगितलं. लोरिमरबाईंनी विचारलं, कारण नोंदवायचं का? मी म्हणाले, वारसाची संमती नाही एवढं पुरे. एका गृहस्थांनी शांतपणे समजावून सांगितलं की भावनेच्या भरात देशाचं नुकसान होतं. मी मान हलवली. माझी मान खरोखरच हलली, कारण मला ते पटतं. मग छापलेला लेख मागे घेत असल्याचं पत्र वाचून दाखवलं, तीन मिनिटांत. नमुना कुठून घेतला, तिथून का घ्यायला नको होता, आणि हे मला वस्त्रशास्त्राने नाही तर आर्डव्होरच्या डॉलिना मॅकइनेस यांनी दाखवून दिलं. आत्याचं पूर्ण नाव घातलं आहे. ते तसंच छापून येईल. माझी तीन वर्षं संपली की पुढे जागा राहील असं वाटत नाही. त्यावर कोणी काही बोललं नाही, त्यावरूनच कळलं.

बाहेर आले तेव्हा लोरिमरबाई भांडाराच्या दारात उभ्या होत्या. रागावल्या होत्या, डोळे लाल होते. हातात चांगली पेटी होती, आम्लरहित पुठ्ठ्याची, राजघराण्यातल्या कपड्यांना वापरतो ती. "औषधाच्या खोक्यात जायचं नाही ते," म्हणाल्या. "निऱ्यांमध्ये कागदाच्या सुरळ्या घाल. आणि वडिलांना सांग, पट्टा एक घर सैल." मग भांडारात परत गेल्या.

काल सकाळच्या बसने मी आर्डव्होरला आले होते. तुम्हाला हे आत्याकडून कळलं असेलच. आधी दुकानात फार्करकाकांकडे गेले. त्यांच्या पुढ्यात नवा मजकूर ठेवला: किल्ट, साधारण १८०० मधला, आर्डव्होरच्या मॅकइनेस घराण्यात नेसला जातो, आधीचं १७४६ हे साल बरोबर नव्हतं आणि नंतर मी सांगितलेलं १८८० हेही नव्हतं, पहिल्यांदा कोणी नेसला ते माहीत नाही. खाली माझं नाव.

त्यांनी तो दोनदा वाचला. "म्हणजे पितळेची पाटी करायची की नाही?"

"पितळेची नको, काका. पुठ्ठ्यावर लिहा."

"का?"

"पुन्हा बदलावं लागेल कदाचित."

"तुझ्या बापाचं तोंड उतरवलंस तेव्हा नाही म्हणालीस ते, की कदाचित बदलेल म्हणून."

"नाही म्हणाले."

ते काउंटरच्या मागे काहीतरी शोधत राहिले. मग म्हणाले, "जावयाला किल्ट नेसता येत नाही. दोनदा दाखवला. चालतो पण बदकासारखा. मी काही त्याला वचन दिलेलं नाहीये." आणि मला पेपरमिंटची पुडी दिली, लहानपणी द्यायचे तशी. मजकूर त्यांनी हॉलच्या दारावर लावला, मी बघत असतानाच, चार टाचण्यांनी.

तुम्ही वरच्या कुरणात होतात. मला रस्त्यावरून दिसलात, कुत्रा खाली दगडावर बसला होता. मी वर आले नाही. दमले होते हे खरं आहे, घाबरले होते हेही खरं आहे. आत्या म्हणाली, "जा की, चावणार नाही तो." मी म्हणाले, बस चुकेल. बसला तास होता.

पेटी तुमच्या खोलीत बाकावर ठेवली आहे. बरोबर चिठ्ठी ठेवायची होती. लिहिलीही होती: पाऊस असेल तर नेसू नये, घामाने भिजला तर उन्हात टाकू नये, टबात तुडवू नये. चांगली होती, आठ सूचना होत्या. ती मी ठेवली नाही. पट्ट्याचं मात्र लोरिमरबाईंनी सांगितलंय म्हणून कळवलं. तुम्ही चालला नाहीत तरी मी परत न्यायला येणार नाही, आणि चाललात तर बघायला यावं की नाही हे तुम्ही सांगितल्यावाचून ठरवणार नाही.

आता राहिलं ते एकच. किल्ट आल्याच्या दुसऱ्याच दिवशी, अजून सही नसताना, मी कमरपट्टीच्या आत संग्रहालयाच्या नोंदीचा आकडा लिहिलेली पांढरी फीत शिवली होती. मला तेव्हा कोणी सांगितलंही नव्हतं. सुईची भोकं तुम्हाला दिसतील म्हणून लिहिते, ती आता तिथे नाही. काल येताना, बस टेकडी चढत होती तेव्हा, पेटी मांडीवर उघडून मी ती उसवली. चार टाके होते.

इशबेल